चालू डावासह फ्लॅट

बाबांच्या तेराव्याला सोसायटीच्या सेक्रेटरी सुहासिनीताई हार घेऊन आल्या. फोटोला नमस्कार केला, लाडू नको नको म्हणत अर्धा खाल्ला आणि मला गॅलरीत नेऊन म्हणाल्या, "हेमांगी, घाई नाही. पण रविवारी अकरा वाजता तुझी चाल आहे."

"कसली चाल?"

"बुद्धिबळाची. शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी तूच आहेस ना? मग डावही तुझ्याकडेच येतो."

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत, ए विंगच्या लिफ्टसमोर, पाण्याच्या वेळांच्या नोटिशीशेजारी काचेच्या कुलूपबंद पेटीत एक चुंबकी पट टांगलेला आहे, हे मला माहीत होतं. ए विंगकडून माझे बाबा आणि बी विंगकडून चंद्रहासकाका खेळतात, हेही. दर रविवारी दोघांची एकेक चाल. काकांची दहाला, बाबांची अकराला, मासळी घेऊन आल्यावर. सुहासिनीताई कुलूप उघडत, चाल होई, कुलूप लागे. नाशिकला कॉलेजातल्या सहकाऱ्यांना मी हे गंमत म्हणून सांगत असे. हा डाव वारसाहक्कानं येतो, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

"मला बुद्धिबळ येत नाही, ताई. मी फ्लॅट विकायला काढणार आहे."

"मग तर खेळावंच लागेल. चालू डाव असलेला फ्लॅट हस्तांतरित करता येत नाही, ठराव आहे. डाव संपला की मी त्याच दिवशी ना-हरकत देते."

"आणि मी डाव सोडून दिला तर?"

"सोड की. नोटीस बोर्डावर लिहू, 'ए विंग, रामू भोईर, पराभूत.'"

"त्यांच्या नावानं?"

"डाव त्यांच्याच नावावर आहे ना."

आतून बायजा आत्याचा आवाज आला. ती बाबांची थोरली बहीण, जूचंद्रहून आलेली, आणि तिला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. "रामू जितेपनी हरला नाय, आनि आता मेल्यावर हरेल? जा तू खाली. आधी पानी पी आनि जा."

रविवारी मी खाली गेले. सोसायटीचा खजिनदार विघ्नेश पेटीसमोर उभा राहून मला स्थिती समजावू लागला. "ताई, सिम्पल आहे. काकांकडे एक उंट जास्त आहे. पण तो चालतो काळ्या घरांवर, आणि तुमची सगळी प्यादी पांढऱ्या घरांवर. म्हणजे त्याला मारायला काहीच नाही. काकांचा राजा आत घुसला तर तुम्ही गेलात. पण आत यायला एकच वाट आहे, आणि तिथे तुमचा राजा वॉचमनसारखा उभा आहे. या घरातून त्या घरात, त्या घरातून या घरात. बस, एवढंच करायचं."

"किती दिवस?"

"पन्नास चाली. तेवढ्यात एकही प्यादं हललं नाही, काही मारलं गेलं नाही, तर बरोबरी आणि डाव खतम. बाबांच्या चव्वेचाळीस झाल्यात. तुम्ही सहा करा. प्यादं हललं तर मोजणी परत पहिल्यापासून."

"तीच तीच स्थिती पुन्हा पुन्हा आली तरी बरोबरी होते ना? कुठेतरी वाचलंय."

"तो नियम सर्वसाधारण सभेत फेटाळला. आपल्याकडे रोज तेच ते होतं, त्यावर बरोबरी धरायची तर सोसायटीच बंद करावी लागेल, असं मेंबर्स म्हणाले. आणि ताई, कम्प्युटरला विचारायचं नाही. ठराव आहे. मी विचारलं होतं, तोपण बरोबरीच बोलतो."

मी राजा एक घर सरकवला. चुंबक टक्कन चिकटलं. तिथे उभ्या असलेल्या चारपाच जणांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी चंद्रहासकाका भेटायला आले. सोफ्यावर बाबांची जागा सोडून बसले. "दहाव्याला कावळा पटकन शिवला," ते म्हणाले. "म्हणजे रामूला डावाची काळजी नव्हती. मलाच आहे. तू आज पट न बघताच चाल केलीस."

"मला येत नाही, काका."

"तेच तर. मी तुला आत्ताच बरोबरी देऊ शकतो. पण तो रामूचा अपमान होईल. आणि माझी स्थिती बरी आहे." ते जायला उठले. "मंगळवारी घरी ये. शिकवतो."

"तुमच्याविरुद्ध खेळायला तुम्हीच शिकवणार?"

"मग कोण शिकवणार? या दोन विंगांत दुसऱ्या कोणाला येतं?"

मी कॉलेजला रजा वाढवून मागितली. कारण म्हणून 'घरगुती' असं लिहिलं.

मंगळवारी काकांनी लाकडी पट मांडला आणि एक जुनं पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं. त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या उस्तादांचे डाव होते, पण काका कुठल्याही डावाची सुरुवात दाखवत नसत. निम्म्याहून जास्त मोहरी गेली की तिथून ते मला आत घेत. "सुरुवात कोणालाही जमते. रामू आणि मी पुस्तक नेहमी मागूनच वाचलं." शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांना मी आयुष्यभर कमी लेखलं होतं. आता चहा घेत तेच करत होते.

चालू डावाबद्दल बोलायला बंदी होती, त्यावरही ठराव होता. त्यामुळे काका सगळं दुसऱ्यांच्या नावानं बोलत. "हा बघ, या माणसाचा राजा डावभर लपून बसलेला. आता मोहरी कमी झाली, तर निघाला चालत. शेवटी राजाला स्वतः चालावं लागतं." मग दुसरा डाव. "याच्याकडे जास्त बळ आहे, पण घाई नाही. वीस चाली नुसता इकडून तिकडे करतोय. समोरचा कंटाळेल याची वाट बघतोय. जो कंटाळला तो गेला."

"आणि समोरचा कंटाळला नाही तर?"

"मग तो रामूसारखा," काका म्हणाले, आणि ठराव मोडल्यासारखी त्यांनी जीभ चावली. नंतर हळूच म्हणाले, "फुकटचं प्यादं दिसलं की तो आधी पाणी प्यायचा. मग बघायचा."

दर आठवड्याला मी बाबांना फोन करत असे. काय चाललंय, विचारलं की ते म्हणत, काही नाही. मला वाटायचं, त्यांना बोलायचं नाहीये. आता कळलं की ते चव्वेचाळीस आठवडे अगदी खरं उत्तर देत होते. काही न करणं हेच काम होतं, आणि ते त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं.

एका मंगळवारी काकांनी पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली.

"हा डाव?"

"तो नको. कंटाळवाणा आहे."

बाबांच्या कपाटात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत होती. मी वर आल्याआल्या तो डाव मांडला. कंटाळवाणा अजिबात नव्हता. बचाव करणाऱ्याचा राजा दारात उभा होता. हल्ला करणाऱ्यानं एक प्यादं त्याच्या शेजारी आणून ठेवलं, अगदी फुकट. राजानं ते घेतलं. त्यासाठी त्याला दारातून फक्त एक घर बाहेर यावं लागलं, आणि तेवढ्यात दुसरा राजा आत गेला. पुढच्या चाली वाचायची गरजही नव्हती.

आठवडे सरत गेले. चंदनसारचं एक जोडपं दोनदा येऊन फ्लॅट बघून गेलं. बाईंनी बाबांच्या खोलीत पाळणा कुठे बसेल ते हातानं मोजलं. मी ठीक आहे म्हटलं. आणि त्याच सुमारास, हरायचं कसं, याचा अभ्यास सुरू केला.

विघ्नेशला लिफ्टजवळ गाठलं. "मी हे कडेचं प्यादं पुढे ढकललं तर?"

"ताई, ती तर हरायची चाल आहे. काकांना आत यायला दुसरी वाट मिळते."

"पण मोजणी पहिल्यापासून होईल ना? हरायला किती दिवस लागतील?"

त्यानं डोकं खाजवलं. "तुम्ही नीट टाइमपास केलात तर दिवाळीपर्यंत जाईल. पण का?"

मी लिफ्टमध्ये शिरले. बरोबरी केली तर बाबा हरत नव्हते, पण डाव संपत होता, आणि त्याच दिवशी ना-हरकत मिळणार होती. प्यादं ढकललं तर दिवाळीपर्यंत दर रविवारी अकरा वाजता मला खाली जावं लागणार होतं, पण शेवटी बोर्डावर ते 'पराभूत'चं वाक्य लागणार होतं. पन्नासाव्या चालीच्या आदल्या दिवशीपर्यंत मी काहीच ठरवलं नव्हतं.

त्या रविवारी लिफ्टसमोर दोन्ही विंगा जमल्या. समितीनं जिलेबी आणली होती आणि 'सन्माननीय बरोबरी' असं छापलेली दोन प्रशस्तिपत्रकं. बायजा आत्या जूचंद्रहून रिक्षानं आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. सुहासिनीताईंनी दहाला कुलूप उघडलं.

काकांचा हात उंटाकडे गेला, थांबला, खाली आला. त्यांनी एक प्यादं उचललं आणि एक घर पुढे, बाबांच्या राजाच्या शेजारी चिकटवलं.

विघ्नेश म्हणाला, "काका, प्यादं? फुकट?"

"माझं प्यादं आहे. मी बघीन."

"अहो, पण पन्नास होत होते! आता मोजणी परत एकपासून."

"मला मोजता येतं."

"आणि प्रशस्तिपत्रक?" सुहासिनीताई म्हणाल्या. "तारीख छापलीय त्यावर."

"जिलेबीवर नाही ना छापली? मग खा."

माझ्याकडे एक तास होता. त्या तासात सोसायटीतल्या प्रत्येकानं मला सल्ला दिला, बहुतेकांनी तोंडात जिलेबी असताना. "घे गं, सोडतेस काय!" "ए विंग जिंकतेय!" "राजानंच मार, हात कशाला आखडतेस?" आत्याला पटातलं काही कळत नव्हतं. ती पेटीजवळ गेली, काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "कोन कोनाला फुकट देतो गं?" मग वर जाऊन तांब्या घेऊन आली.

मी पाणी प्यायले. सगळं. अकरा वाजता पुढे झाले आणि राजा दारातून आतल्या घरात सरकवला, जिथे बाबांनी त्याला इतक्या वेळा ठेवलं होतं. प्यादं तिथेच राहिलं, वाटही बंदच राहिली. विघ्नेशनं कपाळावर हात मारला.

काका पटाकडे बघत होते. "तो डाव वाचलास तू."

"तुम्ही नको म्हणालात ना."

"रामूलाही मी तेच म्हणालो होतो."

"मग त्यांनी वाचला?"

"त्याच दिवशी." त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला.

"मला माहीत असणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. मग प्यादं का दिलंत?"

"जिंकायला," काका म्हणाले. "दुसरं कशाला?"

सुहासिनीताईंनी कुलूप लावलं आणि पेटीखालच्या पाटीवरचा चालींच्या मोजणीचा आकडा पुसून एक लिहिला. प्रशस्तिपत्रकं समितीच्या कपाटात ठेवायला गेली. आत्यानं उरलेली जिलेबी पदराखाली घेतली. तेवढ्यात चंदनसारच्या बाईंचा फोन आला.

"ना-हरकत मिळाली का?"

"नाही. डाव चालू आहे."

"म्हणजे अजून साधारण किती?"

मी काकांकडे बघितलं. ते लिफ्टचं बटण दाबून उभे होते, बी विंगला जायचं असताना ए विंगच्या लिफ्टचं, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते.

"तुम्ही दुसरा फ्लॅट बघा," मी म्हटलं. "आणि काका, मंगळवारी किती वाजता येऊ?"