चौथ्या टाकीचा काटा

देशावरच्या कर्जतजवळच्या माळावर दुष्काळाने हिरवं पान ठेवलं नव्हतं. पण अवकाशातले किरण टिपायला संशोधक सुमंतने उभारलेल्या चारही लोखंडी टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या. फार दुरून आलेला एखादा किरण वर हवेवर आदळून फुटला, की त्याचे लाखो कण साऱ्या माळावर सांडत. टाक्यांतल्या मिट्ट काळोखात पाणी क्षणभर चमके आणि यंत्रांच्या खोलीतले काटे हलत. पाण्याला शेवाळ धरू नये म्हणून त्यात जहाल विषारी औषध घातलेलं. टाक्यांत काय आहे ते वस्तीवर बोलायचं नाही, अशी सुमंतची ताकीद होती.

त्याच्या बायकोने, सरोजिनीने, ती कालच मोडली होती. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बायडाबाईने टँकरचं गढूळ पाणी बघून नाक मुरडलं.

"ह्ये पाजता व्हय लेकराला? मंग हगवन न्हाई लागनार तर काय! आन् सायबाच्या टाक्यांत काय त्याल भरलंय?"

"तेल कसलं? पाणीच आहे, काचेसारखं," सरोजिनी बोलून गेली. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं आणि औषधाचं सांगायचं राहिलं.

आज दुपारी बाळ झोपल्यावर ती चहा घेऊन यंत्रांच्या खोलीत गेली, तर सुमंत नाचायचाच बाकी होता.

"सरोज, बघ! चौथीचा काटा टोकाला जाऊन चिकटलाय! एवढा मोठा किरण अजून कुणाला सापडला नसेल!"

"आणि बाकीच्या तीन?"

"त्या... गप्प आहेत."

"अहो, पाऊस काय एकाच घरावर पडतो?" तिने कपबशी तिथेच ठेवून दिली. "आत ऊन शिरलंय. झाकण उघडलंय कुणीतरी."

दोघंही धावले. टाकीचं झाकण खाली पडलं होतं, शेजारी ओला दोर. तापल्या मातीवर पाण्याचे दोन माग उमटले होते. एक वस्तीकडे. दुसरा त्यांच्या घराकडे.

सुमंत वस्तीकडे सुटला. ती घरात शिरली तेव्हा बायडाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, हातात बोंडलं. सरोजिनीने ते झडप घालून भिरकावलं.

"पाजलंत? बोला ना, पाजलंत?"

"न्हाई वो, आत्ताच भरलं." बायडाबाई बावरली. "तुमच्या लेकराला तसंच पाजीन का म्या? आदी नातीला पाजून बगितलं. लई ग्वाड हाय म्हनली. वस्तीवर समदीच पित्यात आता."

सरोजिनीने बाळ छातीशी धरलं आणि दारात आली. वस्तीकडून अजून कसलाच आवाज येत नव्हता.