हातचावीचं मशीन

आमच्या घरात खरेदीचा निर्णय तिघं मिळून घेतात. म्हणजे सासरे ठरवतात, बायको मान डोलावते आणि मी पिशवी धरतो. त्या दिवशी पिशवीचंही काम नव्हतं, कारण वेल्डिंगचं मशीन पिशवीत मावत नाही.

बायको नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये लोखंडी खुर्च्या आणि कुंड्यांचे स्टँड बनवायची. साध्या वेल्डिंगचे जोड तिला आता गबाळे वाटायला लागले होते. टिग वेल्डिंगचा जोड कसा, चांगल्या शिंप्याने टाके घातल्यासारखा नेटका येतो. त्याचे व्हिडिओ ती जेवतानासुद्धा बघायची. मी केलेल्या भाजीत मीठ नाही हेही तिला कळायचं नाही, आणि मला त्या मशीनचा ते घरात यायच्या आधीपासूनच राग यायचा.

दुकानदाराने काउंटरवर दोन मशीनं मांडली. "ताई, अ‍ॅल्युमिनियम जोडायचं नाही ना? मग महागातल्या मशीनकडे बघूच नका. स्टीलला ही दोन्ही चालतील. याच्या टॉर्चला, म्हणजे हातात धरायच्या नळीला, बटण आहे. दाबलं की जोडाला हवा लागू नये म्हणून सोडायचा आर्गॉन गॅस सुरू होतो, सोडलं की आपोआप बंद होतो. त्या दुसऱ्याच्या टॉर्चवर चावी आहे. गॅस हाताने सोडायचा, हातानेच बंद करायचा. बाकी दोघांत डावं-उजवं नाही."

चावीवालं जवळजवळ निम्म्या किमतीत होतं. सासऱ्यांनी ते लगेच उचलून पाहिलं. त्यांचा उभा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेला होता. "आम्ही गॅस कटिंगच्या चाव्या पिळत म्हातारे झालो," ते म्हणाले. "बटणं कसली दाबता? उद्या घास भरवणारं मशीन आणाल!"

आम्ही हसलो. दुकानदार हसला नाही.

"काका, तुमच्या त्या गॅसला वास यायचा. या आर्गॉनला वास नाही, रंग नाही. गळत राहिला तरी नाकाला पत्ता लागत नाही. विषारी नाही, पण हवेपेक्षा जड आहे. खाली साचतो आणि हवेला वर ढकलतो. श्वास तर घेतोय असं वाटतं, पण श्वासात काहीच नसतं. गॅरेजमध्ये खड्डा वगैरे नाही ना?"

बायकोने वडिलांकडे पाहिलं. खड्डा होता. सासऱ्यांची जुनी मोटार त्यावरच उभी होती. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते पायऱ्या उतरून तिच्या पोटाखाली काहीबाही पिळत बसायचे. ती मोटार आता कधीच चालणार नाही हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

"दार उघडं ठेवू की," सासरे म्हणाले.

"वाऱ्याने गॅस उडतो, जोड बिघडतो. सगळे दार लावूनच काम करतात, काका. ताई, बटणवालं घ्या."

"मलाही वाटतं, बटणवालंच..." मी तोंड उघडलं.

"जावईबापू, तुम्हाला दिवाणखान्यातला बल्ब तरी बदलता येतो का?"

विषय संपला. भरून आणायला स्वस्त पडतो म्हणून सिलिंडरही मोठाच घेतला, बायकोच्या खांद्याला लागेल एवढा.

बायको काटेकोर होती, हे मान्य करायला हवं. दर वेळी काम थांबवताना ती मोठ्याने म्हणायची, "चावी बंद!" मला ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि हायसं वाटायचं. तरीही भीती जात नव्हती. मी चहाचं निमित्त काढून गॅरेजचं दार उघडायचो आणि आतून ओरडा यायचा, "अरे, वारा येतोय, दार लाव!" सासरे खुर्चीत बसून खदाखदा हसायचे. "जावईबापू रखवालीला आले."

त्या संध्याकाळी ती खुर्चीचे पाय जोडत असताना लाइट गेली. शेजाऱ्याचा जनरेटर लगेच धडधडायला लागला, स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. ती अंधारात चाचपडत आत आली आणि हात धुऊन जेवायला बसली. लाइट गेली की सगळं बंद झालं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं असतं. पंखा थांबतो, मोटर थांबते, आपणही थांबतो. बटणवाल्या मशीनचा गॅस विजेबरोबर थांबलाही असता. चावीला विजेशी देणंघेणं नसतं.

तिने "चावी बंद" म्हटल्याचं मला ऐकू आलं नव्हतं. जनरेटरच्या गोंगाटात काय ऐकू येणार, असं मी धरून चाललो. लाइट उशिरा आली. तेव्हा आम्ही झोपलो होतो.

सकाळी सासरे चहा घेऊन नेहमीसारखे स्वयंपाकघराच्या दाराने गॅरेजमध्ये गेले. थोड्या वेळाने बायको खुर्ची पुरी करायला गेली. मला तिचा आवाज आला, अगदी साधा.

"बाबा, सिलिंडर रिकामा कसा? काटा शून्यावर आलाय."

तिची पावलं खड्ड्याकडे गेली.

"बाबा?"

मी धावलो. सासरे खड्ड्याच्या तळाशी कुशीवर पडले होते. हातात पाना होता. चष्मासुद्धा जागेवर होता. कुठे रक्त नाही, खरचटलेलं नाही. बायकोने खाली उतरायला एक पाय पायरीवर टाकलेला होता.

टाकीत एक जण उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, अशा बातम्या आपण चहा पिता पिता वाचतो आणि पान उलटतो. मी तिला मागून कमरेला धरून ओढलं. दोघंही फरशीवर आदळलो.

"सोड! माझ्याकडून राहिली चावी, सोड मला! मी श्वास रोखून जाते!"

"तुला उचलवणार नाहीत ते!"

तिने माझ्या मनगटाचा चावा घेतला. मी पायांनीही तिला आवळून धरलं आणि जिवाच्या आकांताने शेजाऱ्याला हाक मारली. तो आला, त्याने बाहेरून गॅरेजचं शटर वर केलं. "खाली उतरू नका!" मी ओरडलो. "दोर आणा, अग्निशमनवाल्यांना बोलवा!" तो फोन कानाला लावून दोर शोधायला पळाला. बाहेरचा वारा आमच्या केसांतून गेला. खाली खड्ड्यात चहाच्या कपाशेजारी पडलेला कागदाचा कपटासुद्धा हलला नाही.

बायको एकदम शांत झाली. लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "अरे, बघ ना. बाबांचा हात हलला."

मी बघितलं. हात खरंच हलला होता.

मी तिला सोडलं नाही.