टिनोची पाठराखण

कारखान्याच्या पहिल्या पाळीचा भोंगा होताच पद्मजा उठत असे. दुधाच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून ती टिनोच्या गळ्यात पट्टा अडकवी आणि बाहेर पडे. चिंचवड स्टेशनच्या मागच्या त्या वसाहतीत एवढ्या सकाळी रस्त्यावर सायकलीच दिसत. हँडलला डबे लटकवून माणसे पिंपरीकडे निघालेली असत. दूधकेंद्राच्या रांगेत उभे राहायचे, परत येऊन स्टोव्हला पंप मारायचा, आईला चहा द्यायचा आणि रात्रीच्या पोळ्या दुधात कुस्करून टिनोच्या ताटलीत घालायच्या, हा तिचा क्रम ठरलेला होता. ‘घे’ म्हटल्याशिवाय टिनो ताटलीला तोंड लावत नसे. हे तिनेच त्याला शिकवले होते. खाणे संपले की तो तिच्या हाताला एकदा नाक लावी आणि आतल्या खोलीत जाऊन, अजून अंथरुणात असलेल्या मृदुलाच्या पायांशी वेटोळे करून पडे.

शाळेची साडी नेसताना पद्मजाला आरशात ते दोघे दिसत. धाकटी बहीण झोपेतच पाय जरा बाजूला घेऊन त्याला जागा करून देई. तिला ते ठाऊकही नसे. पद्मजा निऱ्या मोडून पुन्हा घालू लागे.

टिनो तिचा होता. भोसरीच्या एका कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनियरच्या बायकोला पद्मजाने सुट्ट्यांमध्ये मराठी शिकवले होते, आणि परत जाताना त्या बाईने हे पिलू तिच्या ओटीत घातले होते. त्याची आई त्यांची पूडल जातीची कुत्री, बाप पुण्यातल्या कॅम्पातल्या एका पारशी घरचा स्पॅनियल कुत्रा. आईकडून त्याला जर्दाळूच्या रंगाचे कुरळे केस आणि विलक्षण समज मिळाली होती. बापाकडून लोंबते कान आणि माणसांचा लोभ. त्याचे केस गळत नसत, त्यामुळे सोवळ्याओवळ्याचे पाहणाऱ्या आईचीही तक्रार उरली नव्हती. मात्र सुटलेला केस खाली पडत नाही तेव्हा तो बाकीच्या केसांतच अडकून बसतो, म्हणून भांग पाडत पाडत, ओळीओळीने, अगदी कातडीपर्यंत रोज विंचरायला हवे, असे त्या बाईने बजावले होते. कानांच्या आत ओल राहू द्यायची नाही, दीड महिन्याने केस कापायचे, आणि त्याला फार वेळ एकटे ठेवायचे नाही.

पद्मजा दिवसभर पिंपरीच्या शाळेत असे. वडील गेल्यापासून घर तिच्या पगारावर चालत होते. त्यामुळे विंचरणे, कान पुसणे, दुपारी अंगणात चेंडू टाकणे हे सारे बी.ए. होऊन घरी बसलेल्या मृदुलाकडे गेले. संध्याकाळी पद्मजा बसमधून उतरून वळणावर आली की टिनो फाटकापाशी उभा असे. शेपूट हलवी, तिचा पदर हुंगे, आणि ती चपला काढेपर्यंत आत निघून गेलेला असे.

“ताई, केव्हापासून तुझी वाट बघतोय,” मृदुला म्हणे.

त्या वाक्याचा पद्मजाला राग येई. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने वाटीभर काढून द्यावे, तसे ते वाक्य तिला वाटे. शेजारच्या छबूबाई कुंपणावरून हसत म्हणाल्या होत्या, “पद्मजाबाई, दूध तुमचं पितो आन् हुकूम धाकटीचा ऐकतो. अगदी आमच्या जावयागत.” सगळे हसले. पद्मजाही हसली, पण त्या दिवशी तिने वह्या तपासताना तीन मुलींचे गुण उगाच कापले आणि दुसऱ्या दिवशी ते तिला परत वाढवून द्यावे लागले.

माघात मृदुलाचे लग्न ठरले. मुलगा श्याम, एका कंपनीत ड्राफ्ट्समन. घर कासारवाडीला, मूळचे साताऱ्याकडचे लोक. सुपारी फुटली, आईच्या डोळ्यांत पाणी आले. पद्मजाच्या मनात त्या क्षणी जे आले त्याने ती स्वतःच दचकली. आता टिनो माझा होईल, असे तिला वाटले होते.

वैशाखातल्या लग्नाला अवकाश होता. पद्मजाने तयारी सुरू केली. तिने मृदुलाला शांतपणे सांगितले की, टिनोची सवय तिने आतापासूनच सोडावी, म्हणजे पुढे त्याला जड जाणार नाही. विंचरणे यापुढे पद्मजा करील, आणि रात्री मृदुलाच्या खोलीचे दार लावलेले असेल. मृदुलाने मान हलवली. पहिले काही दिवस टिनो त्या दारावर पंजा घासत राहिला. हा हट्ट आहे आणि हट्ट मोडायचा असतो, हे पद्मजा बारा वर्षांच्या शिक्षकीतून शिकली होती. ती त्याला पट्ट्याने ओढून आपल्या खोलीत आणी.

शाळेची घाई असे. ती वरून वरून कंगवा फिरवी, आणि केस चमकत. तरी ते कोरडे लागतात असे वाटून एका रविवारी तिने वाटीत खोबरेल तेल कोमट केले आणि त्याच्या सर्वांगाला चोळले. लहानपणी मृदुलाचे असेच दाट, गुंतणारे केस होते, आणि दर रविवारी त्यांना तेल चोळून शिकेकाईने धुणे हे पद्मजाचेच काम असे. तिच्या दृष्टीने याहून मोठी माया नव्हती. टिनो मान खाली घालून उभा राहिला. पुढे दर रविवारी तेच झाले. तेल कातडीशी राहिले. नव्या कारखान्यांच्या कामांची धूळ आणि ओतकामाच्या भट्ट्यांची काजळी त्यावर बसत गेली. वरून मात्र तो इतका गुबगुबीत दिसे की पाहुणे थांबून कौतुक करत.

लग्नाला पंधरवडा उरला असताना ती त्याच्या कानामागे कंगवा लावायला गेली आणि टिनो गुरगुरला. आजवर तो तिच्यावर कधी गुरगुरला नव्हता. आवाज ऐकून मृदुला आली, जमिनीवर बसली आणि तिने बोटे त्याच्या केसांत मुळापर्यंत घातली. बोटे पुढे जाईनात. वरच्या मऊ थराखाली सगळे केस एकमेकांत गुंतून घोंगडीसारखा सलग जाड थर झाला होता. काखेत, कानांमागे, पोटाखाली. ती उठून शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन आली.

“मी कापते,” पद्मजा म्हणाली.

मागच्या ओट्यावर दुपारभर ते काम चालले. तुकडे सुटेनात, इतके ते कातडीला धरून होते. प्रत्येक कापासरशी टिनोच्या अंगावर शहारा येई; पण हनुवटी मृदुलाच्या मांडीवर आणि मृदुलाचा हात कपाळावर होता म्हणून तो हलला नाही. केस निघाले तशी खालची कातडी लाल दिसू लागली. डाव्या कानामागे चिघळलेली जखम होती. कंगवा लागताच तो का गुरगुरला ते पद्मजाला आता कळले.

मग पद्मजा खाली बघत म्हणाली, “तू त्याला माझ्यापासून तोडलंस, असं मला वाटायचं.”

“ठाऊक आहे मला, ताई.”

“मग बोलली का नाहीस?”

मृदुलाने टिनोच्या डोळ्यांवर आलेला केस बाजूला केला. “बाबा गेल्यावर तू स्वतःसाठी म्हणून घरात आणलेलं हे एवढंच. बाकी सगळं आमच्यासाठी आणलंस. म्हणून मी संध्याकाळी तुझ्या बसची वेळ झाली की त्याला फाटकापाशी घालवायचे. तो परत यायचा. मी पुन्हा घालवायचे.”

पद्मजाचा हात थांबला. रोज संध्याकाळी जे थोडेसे आपले म्हणून ती जपत आली होती, तेही धाकटीनेच पाठवलेले होते. तिला वाटले आता संताप येईल. तो आला नाही. तिने जखमेभोवतीचे उरलेले केस जपून, एकेक करून कापले.

पुढच्या रविवारी ती कुणाला न सांगता कासारवाडीला गेली. श्यामच्या आई, सुमनताई, ओसरीवर पापडांचे पीठ कुटत होत्या. लग्नातल्या देण्याघेण्याचे काही काढायला आली असेल अशा समजुतीने त्या जरा सावध झाल्या. पद्मजाने विषय सांगितला तेव्हा त्यांनी मुसळ खाली ठेवले.

“सुनेबरोबर पाठराखीण येती, ते ठाऊक हाय. हा चार पायांचा पाठराखा मी पहिल्यांदाच ऐकते, बाई.”

मग पद्मजा त्याच्याविषयी बोलली. वर्गात एखादा धडा शिकवावा तसे नीट, काही न लपवता सांगितले. त्याचे केस घरात पडत नाहीत, पण रोज अर्धा तास विंचरावे लागते आणि अंगाला तेल मुळीच लावायचे नाही. तो उगाच भुंकत नाही. शिकवलेले दोन दिवसांत शिकतो, पण नुसते बसवून ठेवले तर चपला कुरतडतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांब म्हटले की थांबतो.

“एवढा गुणी हाय तर तुम्हीच का न्हाई ठेवत?” सुमनताईंनी विचारले.

“तो मला दिलेला आहे, पण माझा नाही. मृदुलाचा आहे. ती गेल्यावर तो माझ्याजवळ राहील, खाईलही. पण नुसता राहील.”

सुमनताईंनी तिच्याकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या की देवघरात तो फिरकता कामा नये, आणि श्यामला विचारायचे काही कारण नाही. तोच लहानपणी रस्त्यावरची पिले उचलून आणी. पद्मजाने त्यांना पापडाचे पीठ कुटू लागायला हात पुढे केला. त्यांनी तो मागे सारला आणि तिला चहा दिला.

लग्न लागले. पाठवणीच्या वेळी थोरली बहीण पाठराखीण म्हणून जाणार हे सर्वांना ठाऊक होते. तिने टिनोला पट्टा लावला तेव्हा मृदुलाला वाटले, तो फाटकापर्यंत येतो आहे. मोटारीचे दार उघडून पद्मजाने त्याला आधी आत चढवले. मृदुला तिच्याकडे बघतच राहिली, आणि सकाळपासून आवरून धरलेले रडू तिला तिथे फुटले. छबूबाई बाकीच्यांना म्हणाल्या की पोरीला माहेर सोडवत नाही.

सत्यनारायणाची पूजा होईपर्यंत पद्मजा तिथे राहिली. त्या दिवसांत तिने टिनोला हाक मारली नाही, जवळ घेतले नाही. श्यामला मात्र सकाळी अंगणात बसवून तिने ओळीओळीने विंचरायला शिकवले, आणि त्याचा हात वरून वरून फिरू लागला की ती त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावी.

निघायच्या दिवशी जेवणे झाल्यावर मृदुला माजघरात लवंडली होती. तिच्या पायांशी टिनो झोपला होता. पद्मजाने सुमनताईंना नमस्कार केला, पिशवी उचलली आणि मृदुलाला उठवू नका म्हणून हातानेच सांगितले. टिनोने एक डोळा उघडला. ती हलली नाही. त्याने डोळा मिटल्यावर ती ओसरीची पायरी उतरली, फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली.