परातीत अडकलेले पैसे

मी परात बोलतेय. निळ्या एनॅमलची, खोलगट, आतून पांढरी, काठाचे टवके उडालेली. गावाच्या सभागृहातल्या टेबलावर मला बसवून ठेवलंय. अंगावर टॉवेल आहे आणि पोटात पैसे. पोटात पैसे असलेल्या परातीला कसलं आलंय दुःख, असं तुम्ही म्हणाल. दुःख नाही हो, संताप आहे!

मला विकत घेतलं माझ्या आताच्या मालकिणीच्या, हॅटीच्या आजीनं. नदीच्या मुखाशी मासे डबाबंद करायचा कारखाना होता. तिथं मासे कापून बोटं सोलवटल्यावर जी मजुरी मिळाली, त्यातून. मी आले ती थेट खालच्या काठावर. तिथं या घराण्याची मासे धुरावर सुकवायची झोपडी आहे. कॅनडाच्या या वायव्य टोकाला गोरा माणूस यायच्या कितीतरी आधीपासून आहे. उन्हाळ्यात सामन मासे नदीतून वर यायला लागले की ते माझ्यात धुवायचे आणि झोपडीत टांगायचे. माशांच्या रक्तात माझं बालपण गेलं आणि मला ते आवडायचं.

पुढं मला मान मिळाला. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या बापाच्या कुळातली माणसं कबर खणतात, पेटी वाहतात. वर्षानं गेलेल्याचं आईकडचं घराणं मेजवानी घालतं आणि सगळ्या गावादेखत त्यांचे श्रम फेडतं. त्याच दिवशी गेलेल्याचं मोठं नाव भाच्याला मिळतं आणि नावाबरोबर जमिनीची राखण येते. या फेडीसाठी परात मधोमध ठेवतात. घराण्यातला एकेक जण उठतो आणि आपल्या कमाईतले पैसे माझ्यात टाकतो. पुकारणारा मोठ्यानं सांगतो, अमक्यानं इतके टाकले, कशातून कमावले. मग तिथंच मोजायचं, तिथंच वाटायचं. ज्यानं हात पुढं करून पैसे घेतले, तो साक्षीदार झाला. आज इथं जे झालं ते मला मान्य आहे, असं त्यानं कबूल केलं. उद्या त्याला जीभ फिरवता येत नाही.

मेजवानी संपली की मी रिकामी. दुसऱ्या दिवशी पुन्हा मासे धुवायला हजर. गावाचा सगळा कारभार असा माझ्या पोटातून गेला आणि एक नाणं कधी माझ्या बुडाला चिकटलं नाही.

मग गावाला कार्यालय आलं. निवडून आलेली परिषद आली, तिचा प्रमुख आला, कुलूपबंद कपाट आलं. शहरातून सल्लागार यायला लागले. चकचकीत बूट घालून यायचे आणि आमच्या चिखलाला नाकं मुरडायचे. जमिनीचा दावा सुरू झाला. त्याची गंमत ऐका. जमीन आमची, घेतली सरकारनं. ती आमची होती हे सरकारला पटवायला वकील हवा, नकाशे हवेत. त्याला पैसे कुठले? तर सरकारच कर्ज देणार आणि निकालाच्या रकमेतून कापून घेणार. ज्यानं घर लुटलं त्यानंच फिर्यादीला उसने द्यावेत, असला हा न्याय! वर्षांमागून वर्षं बोलणी चालली, वकिलांचे केस पांढरे झाले, कर्ज मात्र तरुण राहिलं.

शेवटी सरकारनं देऊ केलं ते असं. वरचा काठ तुमचा, खालच्या काठावरचा हक्क सोडा, त्याचे पैसे घ्या, कर्ज वजा करा. आमचीच जमीन आम्हाला देताना उपकाराचा आव! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं?

परिषदेचा प्रमुख होता एल्गिन. हॅटीचाच मुलगा. लहानपणी त्याला तिनं माझ्यात बसवून अंघोळ घातलीय, म्हणून मी त्याला वाट्टेल ते बोलणार. गेल्या वर्षी त्याचा मामा सिमियन वारला. मामाचं नाव एल्गिनला मिळायचं होतं, म्हणजे खालच्या काठाची राखण त्याच्याकडे यायची होती. आणि त्याच काठाच्या कराराच्या मसुद्यावर त्यानं शहरात जाऊन सही केली होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. गावाचं मतदान अजून व्हायचं होतं.

मेजवानीच्या दिवशी सभागृह माणसांनी फुललं होतं. रस्सा झाला, पाव झाला, बेरी घुसळून केलेला गोड फेस झाला. पाहुण्यांच्या रांगेत पहिली बसली होती ऑगस्टा. हॅटीची नणंद, सिमियनच्या बापाच्या कुळाची म्होरकी. तिच्या मुलांनी गोठलेल्या जमिनीत सिमियनची कबर खणली होती. पहिला मान तिचा. माझ्यात पैसे पडायला लागले. कुणाचे सुतारकामाचे, कुणाचे लाकूडतोडीचे. हॅटीनं आपल्या पेन्शनचे टाकले. पुकारणारा लेव्हाय आवाज चढवून एकेक नाव घेत होता.

एल्गिन उठला. आधी स्वतःच्या पगारातले टाकले. मग कोटातून जाडजूड पाकीट काढलं आणि माझ्यात रिकामं केलं. नोटा भुरूभुरू सगळ्यांच्या पैशात मिसळल्या.

लेव्हायनं विचारलं, "हे कुणाच्या नावानं पुकारू?"

"सगळ्या गावाच्या."

"गाव काय मासे पकडायला गेलं होतं? कमावले कुणी ते सांग."

एल्गिन म्हणाला, "सरकारनं दिलेली कराराची आगाऊ रक्कम आहे. मला लपवता आली असती, लेव्हायकाका. कार्यालयात राहिली असती तर कुणी विचारलंही नसतं. मी ती परातीत आणली, सगळ्यांसमोर. आता वाटा."

हे मात्र खरं होतं. तो चोर नव्हता. उघड्यावर आणलं की झालं, एवढीच अर्धी रीत त्याच्या डोक्यात होती. उरलेली अर्धी मामा शिकवायच्या आत गेला होता.

"कसला करार?" हॅटीनं विचारलं.

"आई, खालच्या काठाचा. मतदान व्हायचंय अजून. पण शाळेचं छत गळतंय, नळाला गढूळ पाणी येतंय. कर्ज कोण फेडणार? तुझी ही परात?"

"जिच्यात तुझं ढुंगण धुतलं, तिला नावं ठेवू नकोस," हॅटी म्हणाली. कुणी हसलं नाही.

लेव्हायनं रिवाजाप्रमाणे ऑगस्टाचं नाव पुकारलं. तिनं दोन्ही हात शालीखाली घेतले.

"आत्या, घ्या ना," एल्गिन म्हणाला. "तुमच्या कष्टाचे आहेत."

"माझ्या कष्टाचे कुठले आणि नदीच्या किमतीचे कुठले, ते निवडून दे. मग घेते." ती उभी राहिली. "मी हे घेतले की काठ विकल्याची साक्षीदार झाले. उद्या सरकार म्हणेल, तुम्हीच तर खाल्लेत. वहिनी, तुझ्या भावाची कबर आम्ही फुकट खणली असं समज. पण मला यात ओढू नकोस."

तिच्या मागं सगळी रांग उठली. मागच्या बाकावरच्या एका बाईचा हात अर्धा पुढं आला होता. तिचं घर जळून गेलं होतं, पोरं बहिणीकडे ठेवली होती. तिनंही हात मागं घेतला. तेव्हा मला माझ्या पोटातल्या नोटांची किळस आली. तिला रिकाम्या हातानं परत पाठवणाऱ्या माझा मला सर्वांत जास्त राग आला.

नाव दिलं गेलं नाही. सिमियनची फेड झाली नाही. हॅटीनं माझ्यावर टॉवेल टाकला आणि मुलाकडे न बघता बाहेर पडली.

नंतर ती धुरवलेल्या माशांची पिशवी घेऊन ऑगस्टाच्या दारी गेली होती. लेव्हायनं इथं येऊन सांगितलं. ऑगस्टा म्हणाली म्हणे, "साक्षीदाराशिवाय? मी काय भीक मागायला बसलेय?" दार लावून घेतलं. इतक्या वर्षांच्या नणंदा-भावजया आता दुकानातसुद्धा एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात.

सल्लागार येऊन गेले. टॉवेल उचलून म्हणाले, "ही रक्कम बँकेत का नाही?" लेव्हाय म्हणाला, "हात लावून बघा." त्यांनी टॉवेल पुन्हा नीट घातला. गावानं मतदान पुढं ढकललं. कुणी म्हणतं एल्गिनला हाकला, कुणी म्हणतं हॅटी म्हातारीनं पोराचं वाटोळं केलं.

एल्गिन रोज येतो. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतो. काल लेव्हायनं त्याला उरलेली रीत सांगितली. पुन्हा सगळ्यांना बोलवायचं. सगळ्यांसमोर माझ्यात हात घालून आपण टाकलेलं मोजून काढायचं, ज्याचं त्याला परत करायचं आणि सही चुकली असं मोठ्यानं म्हणायचं. मग स्वतःच्या कमाईतून सगळ्यांना या लाजेची भरपाई द्यायची.

"मग शाळेचं छत?" त्यानं विचारलं.

"गळेल," लेव्हाय म्हणाला. "बादल्या लावू."

एल्गिननं टॉवेलचं टोक उचललं. बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडून दिलं.

नदीत मासे आलेत. उघड्या खिडकीतून धुराचा वास येतोय. खाली काठावर हॅटी प्लास्टिकच्या बादलीत मासे धुतेय. त्या बादलीच्या बुडाला भेग आहे, पाणी गळतं, मला माहीत आहे. तिची कंबर आता दर वेळी वाकून पाणी भरण्याइतकी धड नाही.

एल्गिन, बाळा, तुझ्यावर मी खूप चिडलेय. पण तुझ्याशिवाय मला कुणी रिकामं करू शकत नाही. लोकांना बोलव. हात घाल आणि तुझं तू उचल. मला मासे धुवायला जायचंय.