बोलणाऱ्यांची नावे

आमदार भगवानराव चौथीत माझे विद्यार्थी आणि वर्गाचे मॉनिटर होते, हे मी गावभर मिरवून सांगायचे. आता कुणी विचारलं तर विषय बदलते.

मी वर्गाबाहेर गेले की भगवान फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहायचा. पहिल्यांदा एक पेरू घेऊन त्यानं फुलचंदचं नाव पुसलं, तेव्हा मी दारातच उभी होते. त्यानं भीतभीत माझ्याकडे पाहिलं. मी हसले. पोरगं मोठं चलाख आहे, म्हणाले. तेव्हाच कानाखाली वाजवायला हवी होती.

पण वर्ग चिडीचूप असायचा, मला ऑफिसात निवांत चहा मिळायचा. मी कानाडोळा केला. मग बोरं, पेन्सिली, पट्ट्या, जे मिळेल ते घेऊन तो नावं पुसायचा. द्यायला काही नसे त्यांची नावं उरत. कोकिळाचं तर रोज. ती पोर मुलखाची अबोल, तरी मी फळा वाचायची आणि छडी तिच्या हातावर ओढायची.

दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यात कापसाचे भाव पडले आणि सरकारी खरेदी केंद्रावर बैलबंड्यांची मैलभर रांग लागली. कुणाची बंडी आधी आत घ्यायची, ती यादी भगवानरावांच्या बंगल्यावरून यायची. कोकिळाची बंडी सहा दिवस उभी होती. सातव्या दिवशी तिचं नावच यादीतून उडालं. तिनं आमदारांच्या सभेत उभं राहून एवढंच विचारलं होतं, "भाऊ, मांगच्या बंड्या पुढं कशा गेल्या?"

आभाळ भरून आलेलं. भिजलेला कापूस केंद्रावर कुणी घेत नाही. माझा शब्द चालेल, या तोऱ्यात मी बंगल्यावर गेले. कोकिळा फाटकाशी थांबली.

भगवान पाया पडला. खुर्ची दिली, चहा मागवला.

"भगवान, कोकिळाचं नाव परत लिही बाबा."

"कोकिळा लय बोलते, बाई. शाळेतही बोलतच होती."

"नव्हती बोलत. मले माहीत होतं."

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मंग तुमी तिले मारलं काहून?"

चहा तसाच ठेवून मी उठले. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फाटकाशी कोकिळा धावतच पुढं आली. "काय म्हणे बाई? लिहितो म्हणे का नाव?"

तिला खरं सांगायचं होतं. पेरूचं, फळ्याचं, माझ्या छडीचं. माफी मागायची होती. तोंडातून भलतंच निघालं.

"तुले सभेत बोलाची काय गरज होती वं?"

 कोकिळानं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.