तिसऱ्या पानावरची ओळ

माझ्या सुनेबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला देवमाणूस समजायला नको. ऋचा हुशार आहे, कामाला वाघ आहे, पण तोंड उघडलं की समोरच्याची किंमत करत नाही. लग्न होऊन नागपूरहून जयपूरला आली, त्या पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या आमटीची चव घेतली आणि विचारलं, यात गूळ कोणी सांडला का? आता सांगलीच्या बाईच्या आमटीत गूळ असणार नाही तर काय असणार? नऊ वर्षं झाली, मी विसरलेले नाही.

तर ही ऋचा आणि माझा मुलगा निनाद गेल्या सप्टेंबरपासून वेगळे राहतात. भांडण कशावरून, ते मला विचारू नका. निनाद विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. सकाळी जातो तो रात्री आठला उगवतो. ही कॉम्प्युटर कंपनीत. दोघांनाही माघार घेणं ठाऊक नाही. शेवटी ऋचाने मालवीय नगरमध्ये दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि लेकीला, मैत्रेयीला, घेऊन गेली. शनिवारी सकाळी पोर आमच्याकडे आदर्श नगरला यायची, रविवारी संध्याकाळी परत जायची. सात वर्षांची आहे. मी तिला मैतू म्हणते.

हे बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात गेलेच. तेव्हापासून या गावात माझ्याशी मराठी बोलणारं माणूस म्हणजे मैतू. निनाद निम्मं हिंदीच बोलतो. मैतूचं मराठी म्हणजे सगळी भेळ असते, 'आजी, मला भूख लागली, मतलब खूप लागली', पण माझ्याशी बोलताना ती शब्द शोधून शोधून मराठी आणते. शनिवार आला की मी पहाटेपासून फाटकाकडे कान लावून बसायचे. लाज कसली त्यात?

मार्चमध्ये ऋचाला कंपनीने पुण्याची जागा दिली. तिने कळवलं, जूनमध्ये मैतूला घेऊन मी पुण्याला जाते. निनादने सरळ कोर्टात अर्ज केला. न्यायाधीशांनी सांगितलं की आधी मध्यस्थासमोर बसा, मिटतंय का बघा, नाहीतर पुढे केस आहेच. मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारची तारीख पडली. त्याआधी एका काउन्सेलर बाईंनी मैतूशी एकटीशी बोलून अहवाल लिहायचा, असं ठरलं.

निनादला जिंकायचं होतं. मला पोर हवी होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण तेव्हा आम्ही दोघंही ते बोललो नाही. पोर आमच्याकडे आली तर तिचा डबा, तिचा अभ्यास, तिचं आजारपण माझ्याच गळ्यात पडणार होतं, आणि मला ते हवंच होतं.

गुरुवारी आमचे माथुर वकील अहवालाची प्रत घेऊन घरी आले. चांगला माणूस आहे, फक्त स्वतःच्या बोलण्यावर फार खूश असतो. मी ताक दिलं, ते एका दमात पिऊन त्यांनी तिसरं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. शुद्ध हिंदीत लिहिलं होतं: 'बालिका ने बताया कि माँ रोज़ विद्यालय से लौटते ही उसे ज़ोर से मुट्ठी मारती है। यह बताते समय बालिका हँस रही थी, जो भय छिपाने का लक्षण हो सकता है।'

मुट्ठी म्हणजे मूठ. एवढ्याशा पोरीला ही बाई रोज शाळेतून आल्या आल्या ठोसा मारते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, चला आत्ताच्या आत्ता मालवीय नगरला, मी तिच्या झिंज्या उपटते. माथुर हात जोडून म्हणाले, माताजी, शांत रहा, काही करायची गरजच नाही. ही एक ओळ आहे ना, तिच्यापुढे समोरच्या पार्टीला तोंड उघडता येणार नाही. पुणे विसरा, बच्ची तुमच्याकडेच येतेय. निनाद मात्र कागदाकडे बघत बसला होता. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

शनिवारी मैतू आली, तशी मी आधी तिला न्हाणीघरात नेलं. केस धुवायचं निमित्त केलं आणि पाठ, दंड, मांड्या सगळं तपासलं. डास चावल्याची एक पुळी सोडली तर अंगावर काही नव्हतं. डोक्यावर पाणी ओतता ओतता मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मैतू, आई तुला मुट्ठी मारते का गं?"

"मुट्ठी नाही आजी, मिठी," ती डोळे मिटून म्हणाली. "मी मॅडमला पण बोलली, आई रोज ज़ोर से मिठी मारती है. मॅडमने लिख लिया."

तांब्या माझ्या हातातच राहिला. आपण मराठी माणसं काय काय मारतो! हाक मारतो, गप्पा मारतो, फेरी मारतो, उडी मारतो, मिठी मारतो, आणि कोणाला खरचटतसुद्धा नाही. पोरीने अर्धं वाक्य हिंदीतून आणि नेमका तो एक शब्द मराठीतून सांगितला. काउन्सेलर बाईंना मिठी कुठून कळणार? कानाला जवळचा वाटला तो शब्द त्यांनी लिहिला. आणि पोर हसत होती, ती का हसणार नाही? आईच्या मिठीबद्दल सांगत होती ती.

आता खरं सांगते. मला आधी हायसं वाटायला हवं होतं. तसं नाही झालं. आधी मनात आलं ते हे, की हे कोणाला कळता कामा नये.

दुपारी मैतू झोपल्यावर मी निनादला सांगितलं. तो कूलरमध्ये पाणी भरत होता. त्याने बादली खाली ठेवली आणि म्हणाला, मला गुरुवारीच कळलं. वाचताक्षणी कळलं. मी म्हटलं, अरे मग बोलला का नाहीस? तर म्हणे, आपण कुठे खोटं बोललोय, त्यांनी लिहिलंय. ऋचा सांगेलच ना मिठी म्हणून, सांगू दे तिला. मी म्हटलं, तिचं कोण ऐकणार आहे? स्वतःवरचा आरोप झटकतेय असंच म्हणतील सगळे.

"तेच," निनाद म्हणाला. "आई, तुला मैतू हवी आहे ना?"

मी भाजी निवडायला घेतली. मेथी होती, चांगली दोन जुड्या. काड्यासुद्धा खुडत बसले, आणि त्याला जे समजायचं ते तो समजला.

रविवारी सकाळी माथुरांनी तयारीसाठी बोलावलं. चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, एका अत्तराच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. मैतूला शेजारी सोडून आम्ही दोघं रिक्षाने गेलो. माथुर स्वतः मध्यस्थ झाले आणि आमची उजळणी घ्यायला लागले. आवाज चढवायचा नाही. सुनेला नावं ठेवायची नाहीत. 'हमें सिर्फ़ बच्ची की चिंता है' एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. निनादला विचारलं, मुलगी कितवीत, कोणती तुकडी? निनादला तुकडी सांगता येईना. मीच सांगितली. ऋचाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आली असती, असं मनात आलं, आणि मी ते मनातच दाबलं.

मग माथुर हसत हसत म्हणाले की समोरच्या वकील बाईंचा फोन आला होता. म्हणे बच्ची मुट्ठी नाही, मिठी म्हणाली, आणि मराठीत त्याचा अर्थ गळाभेट होतो! माथुरांना ते फारच मजेशीर वाटलं. म्हणाले, मीठी तर मिठाई असते, ती कशी मारणार? बाई डोकेबाज आहे. मग चष्मा पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, "माताजी, आपके यहाँ ऐसा कुछ बोलते हैं क्या?"

निनाद खिडकीतून खाली बघत होता. मी म्हणाले, "नहीं जी. ऐसा तो कोई नहीं बोलता."

माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की माझं मलाच नवल वाटलं. माथुर म्हणाले, बस, उद्या मध्यस्थ साहेबांनी विचारलं तर हेच सांगा. तुम्ही मराठी, तुम्ही घरातल्या मोठ्या, तुमच्या शब्दाला वजन आहे. संध्याकाळी मैतूला मालवीय नगरला सोडलं. जाताना तिने मला विचारलं, आजी, मॅडमला मी कुछ गलत बोलली का? मी म्हटलं, नाही गं राणी. माझी मला शरम वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी फाटकाशी ऋचा उभी होती. दोन शब्द बोलायचा अवकाश होता. नाही बोलले.

सोमवारी अकराला आम्ही कोर्टात पोचलो. मध्यस्थांची खोली पहिल्या मजल्यावर होती, बाहेरच्या व्हरांड्यात बाकं टाकलेली, आणि उन्हाचा नुसता जाळ. समोरच्या बाकावर ऋचा आणि मैतू बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा होती. ऋचाने फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मैतू सरकत सरकत तिच्याजवळ गेली, तशी ऋचा उठून उभीच राहिली. पोरीने मग तिच्या कमरेला विळखा घातला.

"आई, मार ना," मैतू रडवेली होऊन म्हणाली. "एक बार मार ना."

'मार' ऐकल्याबरोबर आमच्या माथुरांनी मान वळवली आणि खिशातली डायरी काढली. ऋचाने ते पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हात आणि फाईल वर उचलून धरली, पोरीला चुकूनही लागू नये म्हणून, आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. मैतू तिच्या पोटात तोंड खुपसून रडत होती आणि ती सख्खी आई पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला घाबरत होती. एवढी वर्षं या बाईचा राग केला, पण असं काही तिच्या वाट्याला यावं हे मी कधी मागितलं नव्हतं. आणि ते मीच आणलं होतं.

आत गेल्यावर मध्यस्थ साहेबांनी सगळ्यांना पाणी दिलं, चार समजुतीचे शब्द सांगितले आणि अहवाल उघडला. ऋचाच्या वकील बाई मिठीचं सांगू लागल्या, तसं माथुर म्हणाले, साहेब, या माताजी मराठी आहेत, यांनाच विचारा. साहेबांनी विचारलं.

"बोलते हैं साहब," मी म्हणाले. "मिठी मारना मतलब गले लगाना. इसकी माँ इसे रोज़ गले लगाती है. मुझे शनिवार से मालूम था. कल मैंने वकील साहब से झूठ कहा."

निनादची खुर्ची करकरली. माथुर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्याच घरात चोरी केली. साहेबांनी दोनदा विचारून खात्री केली, तिसऱ्या पानाला एक टीप जोडली आणि तिच्याखाली माझी सही घेतली. त्यानंतर निनादपाशी बोलण्यासारखं काही उरलं नाही. दीड वाजेपर्यंत ठरलं: जूनमध्ये मैतू पुण्याला जाणार, दिवाळीत पंधरा दिवस आणि उन्हाळ्यात एक महिना आमच्याकडे. निनादने सही केली, पेनाचं टोपणसुद्धा लावलं नाही आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला.

मी बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने ऋचा आली. मैतू तिच्या कडेवर होती, सात वर्षांची घोडी, पाय लोंबकळत होते आणि मान आईच्या खांद्यावर. मला वाटलं, ही आता आभार मानणार. असू दे गं, एवढं काय त्यात, असं म्हणायची मी मनाशी तयारीही केली. मला मेलीला तेवढ्यातही मोठेपणा हवा होता.

"आई, तुम्हाला शनिवारी कळलं?" ऋचाने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"गुरुवारपासून मी हिला जवळ घेतलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, तोच मला सोसवेना. "वकील बाई म्हणाल्या, कोणी बघितलं, काही वेडंवाकडं सांगितलं, तर पोर हातची जाईल. काल रात्री ही मला विचारत होती, आई, मी काय केलं? बारा वाजेपर्यंत तेच विचारत होती. तुम्ही काल फाटकाशी होता, आई. माझ्या समोर होता."

माझ्याकडे सांगण्यासारखी कारणं होती. निनादचं होतं, एकटेपणाचं होतं, वकिलाचं होतं. एकही पुरतं खरं नव्हतं.

"मला पोर हवी होती गं," मी म्हणाले.

"मलाही," ऋचा म्हणाली, आणि मैतूला सावरत जिना उतरायला लागली.