शेवटचं नाव वाचा

गुड मॉर्निंग. हे आधी म्हणून घेतो, कारण हे दोन शब्द न म्हटल्यामुळे माझ्या हातून एका बाईचे कान जवळजवळ गेले होते.

मी एक पत्ता बोलतोय. घराचा नव्हे. आमच्या बेटावर घरांना नंबर नाहीत. 'चॅपलच्या मागे, निळं दार, चावरा कुत्रा' एवढं लिहिलं की पत्र पोचतं. मी इंटरनेटवरचा पत्ता. आमच्या टपालखात्याचं नाव, मग एक टिंब आणि टिंबानंतर शेवटचा शब्द: पोस्ट. बाकीच्या पत्त्यांच्या शेवटी कॉम असतं, नेट असतं. दुपारच्या जेवणाच्या पैशात ते कुणालाही मिळतं. माझं शेवटचं नाव तसं मिळत नाही. ते फक्त टपालाचं काम करणाऱ्यांनाच देतात, तेही खातरजमा करून.

माझा जन्म अर्जातून झाला. सात महिने लागले. आमचं टपालखातं खरोखरच टपालखातं आहे, असं मंत्रालयाने लिहून दिलं. शिक्क्याचा ठसा गेला. तो पुसट आला म्हणून परत आला आणि पुन्हा गेला. समुद्रापलीकडे स्वित्झर्लंडमध्ये, जगभरच्या टपालखात्यांच्या कचेरीत, कुणीतरी ते सगळं तपासलं, तेव्हा मला आडनाव लागलं. इतकी चौकशी आमच्याकडे लग्नातसुद्धा होत नाही.

मग बारसं. मंत्री आले, केक कापला. "आता भामट्यांचे दिवस भरले," असं म्हणाले. भामट्यांनी ते भाषण ऐकलं नसावं. त्याच महिन्यात पार्सलची कागदी चिठ्ठी बंद झाली आणि ती घरोघर नेणारा थिओफिलस एस्प्री निवृत्त झाला. चौतीस वर्षं तो डोंगरापलीकडच्या गावात फाटकाबाहेर उभा राहून "गुड मॉर्निंग!" अशी आरोळी ठोकायचा, आतून उत्तर आल्यावरच चिठ्ठी पुढे करायचा. आता चिठ्ठीचं काम माझ्याकडे आलं. आरोळीचं काम कुणाकडेच आलं नाही. ते अर्जात नव्हतं.

थिओच्या शेजारी मिस दोक्सी ओगुस्त राहते. आमच्याकडे वयस्क बाईला, लेकरं असली तरी, मिसच म्हणतात. वय एकाहत्तर. चर्चमध्ये चाळीस वर्षं पहिला सूर तिचा असे. गेल्या चार वर्षांत कान गेले. आता ती मागच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवते. फोनवर ऐकू येत नाही म्हणून टोरांटोतली मुलगी मार्व्हा तिला संदेश लिहून पाठवते. त्याच मार्व्हाने दोन पगार साठवून, आईला न सांगता, तिच्यासाठी कानाचं मशीन घेतलं आणि पार्सल केलं. पार्सल शहरातल्या मोठ्या पोस्टात आलं. नियम असा: तीस दिवसांत घेतलं नाही, तर परतीच्या पोत्यात.

पहिल्या दिवशी मी मिस दोक्सीच्या फोनवर गेलो. माझा मजकूर असा: 'आपले पार्सल आले आहे. ओळखपत्रासह घेऊन जावे. मुदत तीस दिवस.' खाली मी स्वतः, शेवटच्या नावासकट.

ती ओसरीवर नीरफणस सोलत होती. तिने मला वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन कुंपणावरून थिओपुढे धरला.

"थिओ, हा कोण रे?"

थिओने चष्मा लावला. "पोस्ट म्हणवतोय."

"काय?"

"पोस्ट! पोस्ट म्हणवतोय!"

"पोस्ट? गुड मॉर्निंग नाही, कशी आहेस नाही. आला आणि हुकूम सोडला, घेऊन जावे! चौतीस वर्षांत तू कधी असा आलास?"

"आलो असतो तर तुझ्या कुत्र्याने मला फाडलं असतं."

"मग हा चोर."

"चोरच," थिओ म्हणाला आणि त्याने मला पुसून टाकलं.

मला राग आला नाही. आमच्याकडे बसमध्ये चढणारा माणूस आधी सगळ्या बसला गुड मॉर्निंग म्हणतो, मग जागा शोधतो. दुकानात न बोलता पीठ मागणाऱ्याला दुकानदार 'संपलं' म्हणतो, पीठ समोर दिसत असलं तरी. माझा मजकूर मात्र राजधानीत समितीने लिहिला होता. समितीने शब्द वाचवले.

दहाव्या दिवशी मी पुन्हा गेलो. पुन्हा पुसला गेलो. बाराव्या दिवशी दुसराच एकजण आला.

'गुड मॉर्निंग, प्रिय मिस ओगुस्त. देवाच्या कृपेने आपण व कुटुंबीय खुशाल असाल अशी आशा करतो. आपले पार्सल आपली वाट पाहत आहे. किरकोळ शुल्क भरण्यासाठी खाली बोट लावावे. आपला दिवस मंगल असो.' त्याच्या नावात पोस्ट होतं, पण पुढे, दारावर टांगलेल्या पाटीसारखं. शेवटी भलतंच काही. पण शेवटपर्यंत वाचतो कोण? माणसं पाटी वाचतात आणि आत शिरतात.

मिस दोक्सी विरघळली. "बघ! याला म्हणतात पोस्ट. आईबापांनी वळण लावलेलं दिसतंय." ती बँकेचं कार्ड आणायला उठली.

थिओ ओरडला. तिला ऐकू गेलं नाही. तेव्हा त्या माणसाने, जो गुडघे दुखतात म्हणून चार पावलं चालला की बसायचा, कुंपण ओलांडलं आणि फोन हिसकावला.

"अरे, वेड लागलं का तुला?"

"दोक्सी, हा भामटा आहे!"

"इतकं चांगलं बोलतो तो!"

"म्हणूनच!" थिओ खाली बसला. मग तिच्या चांगल्या कानाशी, म्हणजे कमी वाईट कानाशी, तोंड नेऊन त्याने सांगितलं, "नाताळात मलाही असाच आला होता. गुड मॉर्निंग, मिस्टर एस्प्री, असं म्हणाला. दहा डॉलर मागितले. मी दिले. तीन दिवसांत खातं साफ. चौतीस वर्षं पोस्टात काढलेला मी, दोक्सी. मी कुणाला सांगितलं नाही."

कार्ड आणायला उठलेली ती परत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो उद्धट चोर आणि हा सभ्य चोर."

"दोघंही चोर. यापुढे फोनवर आलेल्या कुणावर विश्वास ठेवायचा नाही. माझं नाव घेऊन आला तरी नाही."

नेमकं त्याच आठवड्यात मार्व्हाने नवा फोन घेतला. तिने लिहिलं, 'मम्मी, हा माझा नवा नंबर. पार्सल पोचलंय, जाऊन घे.' आता भामट्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य हेच, 'मम्मी, हा माझा नवा नंबर.' थिओने ते वाचलं, छद्मी हसला आणि नंबर कायमचा बंद केला. अशा रीतीने थिओने दोक्सीच्या पोटच्या पोरीलाही चोर ठरवलं. खबरदारी म्हणून!

पंचविसाव्या दिवशी मी शेवटची आठवण दिली. समितीने तिथेही गुड मॉर्निंग घातलं नव्हतं.

थिओ तिसाव्या दिवशी मिनीबसने डोंगर उतरून शहरात आला. पार्सलसाठी नव्हे. माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवायला. त्याने मला पुसलं होतं, पण आधी एका कागदावर पेन्सिलीने उतरवून घेतलं होतं. सभ्य चोरालाही. जुना टपाल्या पुरावा टाकत नाही.

मोठ्या पोस्टाच्या खिडकीत आयान्थी लाराँद बसते. तिला कामाला थिओनेच शिकवलं. खिडकीतल्या यंत्रावर मी दिवसभर उघडा असतो, त्यामुळे पुढचं सगळं मी समोरून पाहिलं.

"गुड मॉर्निंग, आयान्थी."

"गुड मॉर्निंग, मिस्टर एस्प्री. गुडघे काय म्हणतात?"

"जागेवर आहेत. हे दोन भामटे. लिहून घे."

तिने कागद वाचला. "मिस्टर एस्प्री, यातला एक आपला आहे."

"हा सभ्य?"

"हा उद्धट."

थिओने खिडकीचा कठडा धरला.

"पत्ता शेवटून वाचायचा," ती म्हणाली. "पुढे कुणीही काहीही लिहितं. टिंबानंतरचा हा शेवटचा शब्द बघा. हा फक्त पोस्टवाल्यांना मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये तपासून देतात."

"म्हणजे आडनावावरून माणूस ओळखायचा? माझ्या गावात अर्धे एस्प्री आहेत. त्यातले दोघे तुरुंगात."

"ही आडनावं तशी कुणालाही देत नाहीत."

"आणि तपासणाऱ्यांना कोण तपासतं? ते राहू दे. या पत्त्यावरून संदेश पाठवायचा परवलीचा शब्द कुठे ठेवतेस?"

आयान्थी लाल झाली. तिने कीबोर्ड थोडा उचलला. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती. कुलूप स्वित्झर्लंडचं आणि किल्ली पायपुसण्याखाली! माझ्या बारशाच्या भाषणात हे आलं नव्हतं. थिओने हात आत घालून चिठ्ठी काढली, तिच्यासमोर फाडली आणि विचारलं, "मग दोक्सीचं पार्सल खरंच आहे?"

ते फळीवर होतं. परतीचं पोतं खाली तोंड उघडून ठेवलेलं. तीन वाजता खिडकी बंद, साडेतीनला गाडी बंदराकडे. पार्सलवरच्या कागदावर लिहिलेलं होतं, कानाचं मशीन, एक जोडी. थिओने ते वाचलं. मार्व्हाचा नवा नंबर त्याला त्या क्षणी आठवला असणार, कारण त्याने टोपी काढली.

"दे इकडे. मी नेतो."

"नाही देता येणार."

"आयान्थी!"

"कुणाच्याही नुसत्या शब्दावर पार्सल द्यायचं नाही, मग तो बिशप का असेना. हे तुम्हीच शिकवलंत. मला रडवलं होतंत त्यावरून."

त्या घडीला थिओला वाईट शिष्य हवा होता, पण मिळाला होता चांगला.

एक वाट होती. मिस दोक्सीने माझ्यामार्फत संमती दिली असती तर पार्सल थिओच्या हाती देता आलं असतं. आयान्थी लिहू लागली. थिओ म्हणाला, "आधी गुड मॉर्निंग घाल." तिने घातलं. बाराला पाच कमी होते, चालण्यासारखं होतं. 'गुड मॉर्निंग, मिस ओगुस्त. आपले पार्सल श्री. थिओफिलस एस्प्री यांच्या हाती द्यावे काय?'

मी गेलो. तिने मला उघडलं, वाचलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी ओळखलं, संपलं. गुड मॉर्निंग म्हणणारा सभ्य चोर. थिओचं नाव घेणारा चोर. वस्तू दुसऱ्याच्या हाती द्या म्हणणारा चोर. थिओने शिकवलेलं सगळं तिला पाठ होतं. उत्तर आलं नाही.

एक वाजला. दोन वाजले. वर जाऊन तीनच्या आत परतायला बस नव्हती. दोक्सीच्या दुसऱ्या शेजारणीला फोन केला, ती बाजारात. थिओ बाकावर बसून पोत्याकडे बघत राहिला. मी आजवर पुष्कळ माणसं वाट पाहताना पाहिली आहेत, पण स्वतःच्याच उपदेशाने अडवलेला हा एकटा.

अडीचला आयान्थीने फळीवरची पार्सलं पोत्यात भरायला घेतली. ते एक तिने शेवटी ठेवलं. तीनला दहा कमी असताना दार उघडलं. चर्चची टोपी, हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन.

"गुड आफ्टरनून सगळ्यांना," मिस दोक्सी म्हणाली. रांगेतले सगळे म्हणाले, गुड आफ्टरनून. तिला ऐकू आलं नाही, पण उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढी ती थांबली. मग खिडकीशी आली आणि छत्री आपटली.

"मला तक्रार द्यायचीय. माझ्या शेजाऱ्याचं नाव वापरून एकजण मला लुबाडतोय. माझा शेजारी साधा माणूस आहे, त्याला आधीच एकदा..." तिथे ती थबकली. "ते जाऊ दे. पकडा त्याला."

"दोक्सी," थिओ मागून म्हणाला. मग तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

तिने त्याला नखशिखान्त पाहिलं. "तू खरा का?"

ओळखपत्र दाखवलं गेलं. सही झाली. तीनला दोन मिनिटं कमी असताना पार्सल तिच्या हाती आलं. तिथेच बाकावर थिओने ते फोडलं, कागद वाचला आणि एक मशीन तिच्या कानात बसवलं. मग सवयीने तिच्या कानाशी वाकून, फाटकाबाहेरच्या त्या जुन्या आवाजात ओरडला, "ऐकू येतंय का?"

मिस दोक्सी बाकावरून उडाली.

"ओरडतोस कशाला रे," ती म्हणाली. मग हळूच, "पुन्हा बोल. हळू."

त्याने मार्व्हाच्या नंबराबद्दल सांगितलं. खूप हळू सांगितलं. ते तिला पहिल्याच फटक्यात ऐकू आलं. पुढचं मी लिहीत नाही. आयान्थीने खिडकी लावून घेतली.

आता माझा मजकूर 'गुड मॉर्निंग'ने सुरू होतो. समितीला त्यासाठी पाच महिने लागले. चोर अजूनही माझ्यापेक्षा गोड बोलतात. रविवारी चर्चबाहेर थिओ लोकांचे फोन हातात घेऊन, चष्मा लावून, पत्ते उलटीकडून वाचत असतो. आतून पहिला सूर ऐकू येतो. थोडा वर लागलेला असतो, पण कुणी काही म्हणत नाही.

मला जाताना एकच मागायचं आहे. मंत्री म्हणाले तसा माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझं आडनाव चोराला मिळत नाही, एवढंच मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. कीबोर्डाखाली काय आहे ते मला सांगता येत नाही. मला तुमचा संशय चालेल. फक्त तो घेण्याआधी पत्ता शेवटपर्यंत वाचा, आणि पोरीचा नवा नंबर बंद करण्याआधी तिला एकदा विचारा, की घरच्या कुत्र्याचं नाव काय.